आल्या आल्या आधी कुकर: घाईच्या दिवसांतला घरचा स्वयंपाक

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणी सदाशिव पेठेत एका वाड्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. गॅस होता, कुकर होता, प्रत्येकीच्या आईनं बांधून दिलेला मसाला होता. तरी पहिले सहा महिने रात्रीचं जेवण म्हणजे वडापाव, नूडल्स, नाहीतर कोपऱ्यावरची पावभाजी. दमून यायचो, कॉटवर टेकायचो, आणि एकदा टेकलं की उठवत नसे. सहा महिन्यांनी मला जिना चढताना धाप लागायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरी काही शिजतं का?"

खालच्या मजल्यावरच्या काकूंना हे कळलं. त्या वर आल्या, आमचा ओटा बघितला, डबे उघडून बघितले. म्हणाल्या, "अगं, सगळं तर आहे. फक्त आल्यावर आधी बसू नका. हात धुतले की कुकर लावायचा. मग कपडे बदला, चहा घ्या, आईला फोन करा. कुकरला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात त्याला तुमची गरज नसते."

आज ठाण्याहून रोज फोर्टला जाऊन-येऊन करताना, घरी चार माणसं असताना, मी याच एका सवयीवर चालते. घाईच्या दिवशी कमी पडतो तो वेळ नाही, क्रम चुकतो. जे सगळ्यात जास्त वेळ घेतं आणि ज्याला आपलं लक्ष लागत नाही ते सगळ्यात आधी सुरू करायचं. नव्यानं घर मांडणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच एकटं राहणाऱ्यांसाठी हा सगळा क्रम इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी भांडी आणि डबे

भांडी फार लागत नाहीत. दोघांसाठी ३ लिटरचा, चौघांसाठी ५ लिटरचा कुकर, आणि त्यात एकावर एक बसतील अशी दोन भांडी झाकणीसकट. कुकर विकत घेतानाच ही भांडी आत बसवून बघा, कारण नंतर मापाची मिळायला त्रास होतो. एक कढई, एक तवा, फोडणीचं कढलं, किसणी, एक बरी सुरी. कढई आणि तवा लोखंडाचे घेतले तर उत्तम. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा आमसूल घातलेला पदार्थ शिजवला की थोडं लोह अन्नात उतरतं. मात्र आंबट पदार्थ त्यात तसाच ठेवू नये, काळा पडतो आणि चव बिघडते. शिजला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

मिसळणाचा डबा भरलेला हवा: मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणे-जिरे पूड, गोडा मसाला. हिंगाची डबी वेगळी, नाहीतर सगळ्याला वास लागतो. हा डबा अर्धा झाला की लगेच भरायचा. ऐन फोडणीत मोहरी संपलेली कळली की माणूस वैतागून बाहेरून मागवतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

सामानात तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, मसूरडाळ, मटकी, हिरवे मूग, बेसन, पोहे, रवा, ज्वारीचं पीठ, थालिपिठाची भाजणी, शेंगदाणे, गूळ, आमसुलं. मसूरडाळ मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच घरांत ती नसते. ती न भिजवता, कुकर न लावता साध्या पातेल्यात १५ ते २० मिनिटांत शिजते. कुकरची रबरी रिंग खराब झाली त्या आठवड्यात तिनंच मला तारलं.

एक संध्याकाळ, घड्याळ लावून

समजा पावणेआठला दार उघडलं. आज वरण-भात, कांद्याची पात पीठ पेरून आणि काकडीची कोशिंबीर करायची आहे. दोन-तीन माणसांपुरतं.

तयारी सकाळची एकच: पाऊण वाटी तूरडाळ धुऊन, बुडेल एवढं पाणी घालून झाकून ठेवलेली. भिजलेली डाळ लवकर आणि एकसारखी शिजते. थंडीत ओट्यावर चालते, पण मार्च ते जून आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत ती फ्रीजमध्येच ठेवा. ओट्यावर दहा-बारा तास राहिली तर संध्याकाळी वर फेस येतो, आंबूस वास येतो आणि ती टाकून द्यावी लागते. सकाळी विसरलात तर तूरडाळीच्या जागी मूगडाळ घ्या. तिला भिजवणं लागत नाही.

आल्यावर हात धुवायचे. कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी. डाळीचं जुनं पाणी ओतून अडीच वाट्या नवं पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, तेलाचे चार थेंब. तेलानं डाळ उतू जायची कमी होते आणि शिट्टी घाण होत नाही. हे भांडं खाली. वरच्या भांड्यात एक वाटी तांदूळ धुऊन दोन वाट्या पाणी. नवा तांदूळ असेल तर पाणी थोडं कमी, जुना असेल तर थोडं जास्त. एकदा करून बघितलं की तुमच्या तांदळाचं माप कळतं. वर झाकणी ठेवून कुकर बंद, गॅस मोठा. इथवर सहा-सात मिनिटं गेली. आता कपडे बदला, तोंड धुवा, पाच मिनिटं पंख्याखाली बसा.

पहिली शिट्टी ऐकू आली की उठायचं. कांद्याच्या पातीची मोठी जुडी स्वच्छ धुवा. मुळांपाशी माती अडकलेली असते, तिथे बोटानं चोळून. पांढरा भाग वेगळा चिरा, हिरवा वेगळा. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, हळद, दोन चिरलेल्या मिरच्या किंवा तिखट. आधी पांढरे कांदे दोन मिनिटं परता, मग हिरवी पात. मीठ जरा हात राखूनच घाला, कारण कढईभर दिसणारी पात तीन मिनिटांत मूठभर होते आणि मीठ मात्र तेवढंच राहतं. झाकण ठेवा.

चार शिट्ट्या झाल्या की कुकरचा गॅस बारीक करून पाच मिनिटं ठेवा आणि बंद करा. शिट्टी चमच्यानं उचलून वाफ सोडायची घाई अजिबात नको. एक तर गरम पाणी अंगावर उडतं, आणि दुसरं म्हणजे डाळ खरी मऊ होते ती याच दहा मिनिटांत. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून सगळं झटपट शिजतं. गॅस बंद झाल्यावरही ते तापमान एकदम उतरत नाही. आपण काही न करता शिजणं चालू राहतं.

पातीचं झाकण काढा. थोडं पाणी सुटलेलं असेल. आता तीन-चार मोठे चमचे बेसन चिमटीनं सगळीकडे पेरायचं, एका जागी ओतायचं नाही. ओतलं की गोळे होतात आणि ते आत कच्चे राहतात. पेरून झालं की लगेच ढवळू नका. पाण्याचा एक हबका मारा, झाकण ठेवा, मंद आचेवर चार मिनिटं. मग उलथन्यानं खालपासून हलवा. कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास यायला लागला आणि पीठ पातीला चिकटून मोकळं दिसायला लागलं की झालं. अशीच सिमला मिरची, मेथी, कोबी, मुळ्याचा पाला यांची भाजी करता येते. घाईच्या दिवशी पीठ पेरून केलेल्या भाज्या मला सगळ्यात लाडक्या आहेत, कारण भाजी आणि डाळ एकाच कढईत येतात.

भाजी झाकलेली असताना काकडी घ्या. चव बघा, कडू नाही ना. चोचवा, नाहीतर किसणीवर किसा. किसली तरी चालेल, फक्त पाणी जास्त सुटतं. त्यात दोन चमचे दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, कोथिंबीर. मीठ अगदी पान वाढताना घाला.

कुकर उघडला की डाळ रवीनं घोटा, मीठ घाला, हवं तेवढं गरम पाणी घालून एक उकळी काढा. कढल्यात चमचाभर तूप, जिरं, हिंग, कढीपत्ता, ही फोडणी वर ओता. घड्याळात साडेआठच्या आसपास वाजलेले असतात. उभं राहून केलेलं काम मोजलं तर २५ मिनिटांच्या वर नाही.

पोळ्यांचं काय, हा प्रश्न येणारच. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यानं आठवड्याच्या मधल्या दिवशी पोळ्यांच्या मागे लागू नये. पोळी हे सरावाचं काम आहे, ते रविवारी शिका. रोज पोळी हवीच असेल तर गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून फक्त पोळ्या आणा आणि भाजी-आमटी घरी करा. तेल, मीठ, भाजीचा ताजेपणा हे सगळं तुमच्या हातात राहतं. घरी कणीक मळणार असाल तर आदल्या रात्री मळून, तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चालते. त्यापुढे काळी पडते, चिकट होते.

रविवारचा दीड तास

आठवड्याचा सगळा स्वयंपाक रविवारी करून फ्रीजमध्ये रचून ठेवायची पद्धत हल्ली बरेच जण सांगतात. मला ती पटलेली नाही. गुरुवारची भाजी रविवारी करून ठेवली तर ती खाताना मन लागत नाही, आणि तीन-चार दिवसांपुढे शिजलेलं अन्न फ्रीजमध्ये ठेवणं बरोबरही नाही. त्यापेक्षा किचकट कामं आधी उरकून ठेवावीत आणि शिजवणं त्या त्या दिवशी करावं.

माझ्या रविवारच्या दीड तासात ही कामं असतात. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून, जाडसर कूट. लसूण एक-दोन गड्डे सोलून कोरड्या डबीत, फ्रीजमध्ये. सोललेला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात आणि ते विष जिवावर बेतणारं असतं. कांदा आणि सुकं खोबरं तेलावर खरपूस भाजून, आलं-लसूण घालून वाटण करायचं आणि बर्फाच्या साच्यात भरून फ्रीझरमध्ये घट्ट करायचं. मग खडे काढून पिशवीत. उसळीला दोन, अंड्याच्या रश्श्याला तीन, इतकं सोपं होतं.

पालेभाजीचं थोडं सविस्तर सांगते, कारण घरातली सगळ्यात जास्त वाया जाणारी गोष्ट तीच. जुडी आणली की धुऊ नका. दोरा सोडा, पिवळी आणि सडकी पानं काढा, मुळं कापा. सुती कापडावर किंवा कागदावर पसरून वरचं पाणी सुकू द्या. मग त्याच कापडात सैल गुंडाळून फ्रीजच्या खालच्या खणात. मेथी, पालक तीन-चार दिवस राहतात, कोथिंबीर आठवडाभर. धुवायची ती चिरायच्या आधी, आणि चिरायची ती शिजवायच्या आधी. चिरून ठेवलेल्या पाल्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं, आणि चिरून मग धुतला तर उरलेलंही पाण्याबरोबर जातं.

थंडीत मटार स्वस्त झाला की एखादा रविवार त्याला द्या. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, मग पूर्ण कोरडे करून फ्रीझरमध्ये. होळी होऊन गेली तरी मटार-भात घरात होतो.

मटकी: तीन दिवसांची एक गोष्ट

कडधान्याला विचार आधी करावा लागतो, कष्ट मात्र जवळजवळ नाहीत. रविवारी रात्री एक वाटी मटकी निवडून, धुऊन भिजत घाला. मटकीत बारीक खडे असतात आणि न भिजणारे कडक दाणेही, म्हणून निवडणं टाळू नका. सोमवारी सकाळी पाणी काढून, पुन्हा धुऊन, ओल्या सुती कापडात घट्ट पुरचुंडी बांधा आणि चाळणीत ठेवून झाका. उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळीच मोड दिसतात. डिसेंबरमध्ये मंगळवार सकाळ उजाडते. तेव्हा पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा फ्रीजच्या मागच्या उबदार जागी ठेवली तर लवकर येतात. मोड आल्यावर डबा फ्रीजमध्ये गेला की दोन-तीन दिवस निवांत.

एका वाटीची तीन-साडेतीन वाट्या मटकी होते. मोड आल्यानं क जीवनसत्त्व तयार होतं, आणि लोह-जस्त अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं, म्हणजे अंगाला लागण्याचं प्रमाण वाढतं.

उसळ करताना फोडणीत कांदा परता, त्यात मटकी घाला, दोन मिनिटं हलवा. मग कढईवर खोलगट ताट ठेवून त्या ताटात पेलाभर पाणी ओता. आतली वाफ ताटाला लागून परत खाली पडते, मटकी करपत नाही आणि दाणा अख्खा राहतो. पाणी आटत आलं असं वाटलं तर त्याच ताटातलं गरम पाणी आत घालायचं. बारा मिनिटांत शिजते. गोडा मसाला, चिमूटभर गूळ, दोन आमसुलं, मीठ. आमसूल शेवटी घाला, कारण आंबट आधी पडलं तर दाणा शिजायला वेळ लावतो. वर लिंबू पिळून घ्या. लिंबातलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. जेवल्या जेवल्या चहा मात्र घेऊ नका, चहा त्याच लोहाला अडवतो. त्या काळात डॉक्टरांनी मला सांगितलेल्या गोष्टींत ही एक होती, आणि तासभर थांबून चहा घ्यायची सवय मी आजही मोडलेली नाही.

एक सूचना राजम्याची. तो रात्रभर भिजवून, भिजवलेलं पाणी टाकून, कुकरमध्ये अगदी बोटानं चिरडेल इतका शिजवायचाच. अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे जोरदार उलट्या-जुलाब होतात. घाईच्या दिवशी राजमा करू नका.

कुकरही नको वाटतो त्या दिवशी

असे दिवस येतात. गाडी उशिरा, पाऊस, डोकं दुखतंय. त्या दिवसासाठी दोन-तीन पदार्थ हातात बसलेले हवेत, इतके की कृती आठवावी लागू नये.

पहिलं पिठलं. दोघांना अर्धी वाटी बेसन, पावणेदोन वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून सगळ्या गुठळ्या बोटांनी मोडायच्या, मग उरलेलं पाणी. फोडणीत पाच-सहा ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, मिरच्या, एक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की मूठभर चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला टाका, मिनिटभर परता आणि एका हातानं ढवळत पीठ ओता. फुटफुट उडायला लागलं की आच बारीक, झाकण, पाच मिनिटं. दहा-बारा मिनिटांचं काम. भाकरी जमत असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर भात.

दुसरी मुगाची खिचडी, खरं तर कुकरची, पण एकाच भांड्यात. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालाची मूगडाळ, फोडणी कुकरमध्येच, त्यात घरात असेल ती भाजी: गाजर, फ्लॉवर, मटार, लाल भोपळा. साडेचार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. अंदाजापेक्षा पाणी जास्त झालं तर बिघडत नाही, मऊ खिचडी पोटाला बरीच वाटते. वर तूप, बाजूला ताक.

तिसरं हिरव्या मुगाचं धिरडं. रात्री भिजवलेले मूग आलं, मिरची, जिरं घालून मिक्सरमधून काढले की आंबवायची वाट बघावी लागत नाही. मूग भिजवले नसतील तर भाजणी किंवा ज्वारीचं पीठ आणि बेसन सारखं घेऊन, किसलेली काकडी-गाजर घालून कालवा आणि तव्यावर पसरा. लोखंडी तव्यावर पहिलं धिरडं चिकटतंच. अर्ध्या कांद्यानं तव्याला तेल पुसून घेतलं की दुसरं सुटतं.

अंडी खात असाल तर काम अजून हलकं होतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. भुर्जीत जेवढी अंडी तेवढा कांदा-टोमॅटो आणि वर मूठभर पालक घातला तर आठ मिनिटांत जेवण उभं राहतं.

ताटाकडे बघून भरायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यातल्या दिवसाच्या ताटात २००० कॅलरींच्या हिशेबानं भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम धरलेले आहेत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. रोज वजनकाटा घेऊन कुणी बसत नाही, पण एक गोष्ट लगेच लक्षात येते: आपण भात-पोळी भरपूर खातो आणि भाजी तोंडीलावण्यापुरती. ४०० ग्रॅम भाजी म्हणजे दोन्ही जेवणांत चांगली वाटीभर शिजलेली भाजी आणि शिवाय कोशिंबीर.

आपल्या पंगतीचं पान या बाबतीत शहाणं आहे. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटी, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, भात-पोळी मधे. घाईत डावी बाजू सगळ्यात आधी गळते. ती सोडू नका. काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा, बीट यातलं काहीही कापून, वर कूट आणि लिंबू एवढं झालं तरी पुष्कळ. जवसाची किंवा कारळ्याची चटणी महिनाभराची करून ठेवलेली असेल तर पान पूर्ण दिसतं. लोणचं-पापडावर जेवण ढकलू नका, दिवसभराचं मीठ तिथेच संपतं.

वरण-भात एकत्र खाण्याचंही कारण आहे. तांदूळ-गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत असतं. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते धान्यात असतं. दोन्ही मिळून प्रथिनं पुरी होतात. फक्त डाळ पाण्यासारखी पातळ नको. माणशी कच्ची पाव वाटी डाळ धरली तर दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं एका जेवणात मिळतात.

उरलेलं अन्न

इथे मला थोडं जोर देऊन सांगायचं आहे. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, ही पद्धत घरोघरी आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती धोक्याची आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू शिजवल्यावरही तग धरतात, आणि कोमट भातात रात्रभरात वाढून जे विष तयार करतात ते फोडणी दिली, कितीही परतलं तरी जात नाही. आमच्या घरी एका जूनमध्ये याच भातानं तिघंजण एकाच दिवशी आडवे झाले होते. तेव्हापासून नियम असा की जेवणं झाली की उरलेला भात पसरट डब्यात काढायचा, वाफ जाऊ द्यायची आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्याच दिवशी वापरायचा, वाफा येईपर्यंत गरम करायचा आणि एकदाच.

आमटी-उसळ दोन दिवस चालते. त्यात ओलं खोबरं असेल तर एकच दिवस धरा. उरलेलं वरण कणकेत घालून, ओवा-तिखट टाकून थालिपीठ किंवा पराठा होतो. उसळ पोह्यांत मिसळून सकाळचा नाश्ता होतो.

कोणत्या क्रमानं शिकायचं

पहिल्या आठवड्यात फक्त वरण-भात आणि एक कोशिंबीर. रोज तेच झालं तरी चालेल. डाळीचं, पाण्याचं आणि आपल्या गॅसचं माप हाताला कळू दे. दुसऱ्या आठवड्यात पीठ पेरून एक भाजी आणि पिठलं जोडा. तिसऱ्या आठवड्यात मटकी भिजत घाला. चौथ्या रविवारी निवांत वेळ काढून भाकरीला हात घाला. ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ घ्या, जुन्या पिठाची भाकरी थापताना फाटते. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि पाण्याइतकंच पीठ घालून उकड काढा, झाकून दहा मिनिटं ठेवा, हाताला सोसेल इतकं गरम असताना भरपूर मळा. पहिल्या चार-पाच पोळपाटावर पिठावर लाटल्या तरी हरकत नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटा.